पट्टेवाला

गणपतीत आमच्या मालवणच्या घरी टीव्ही पडवीत येतो. आत बाप्पा, बाहेर माणसं, आणि जागरणाला काहीतरी हवंच. वीसेक वर्षांपूर्वीच्या अशाच एका रात्री मी मुंबईहून आणलेली 'कागज के फूल'ची डीव्हीडी लावली. १९५९चा, आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप. (गणपतीत असला रडका पिक्चर लावणं हा माझा गाढवपणा, तो कबूल.)

नावं पडायला लागली आणि काकू म्हणाली, "रे झिला, अर्धो टीव्ही काळो कित्याक? मशीन बिघडला काय?"

बिघडलं काही नव्हतं. सिनेमास्कोपचं चित्र उंचीच्या सव्वादोन पटींहून जास्त रुंद. आमचा टीव्ही मात्र चारास तीन, जवळजवळ चौकोनीच. चित्र अख्खं बसवायचं तर वर-खाली जागा रिकामी राहणारच. दुसऱ्या दिवशी मी फूटपट्टी लावून मोजलं: एकवीस इंची टीव्हीवर वर पावणेतीन इंच, खाली पावणेतीन इंच काळा पट्टा. काकूचा हिशेब त्याहून सोपा होता. "भाडा पुरा घेतल्यान आणि पिक्चर अर्धो दाखवता!" भाडं प्लेअरचं होतं, पण तिला ते कोण सांगणार.

खरं तर अर्धा पिक्चर त्या दुसऱ्या तबकड्यांवर असायचा, ज्यांवर 'फुल स्क्रीन' असं ऐटीत छापलेलं असे. फुल काय, तर काच. सिनेमास्कोपच्या चित्राचे शंभरातले चाळीसहून जास्त भाग कापल्याशिवाय ती काच भरत नाही. कापणारा एक माणूस असायचा. तो पडद्यावर चौकट सरकवत ठरवायचा, आता हिरो दाखवू, आता हिरॉइन. टेबलाच्या दोन टोकांना दोघं बसलेली असतील तर आपल्या वाट्याला मधली फुलदाणी आणि दोन बाजूंनी दोन नाकं. पलीकडचा माणूस ऐकताना गप्प कसा बसलाय, हे दाखवण्यासाठीच दिग्दर्शकानं दोघांना एका चौकटीत घेतलेलं असतं. तेच नेमकं जातं.

बाजारातल्या सीडीवाल्याकडे मी दर सुट्टीत हीच तक्रार नेई. तो म्हणे, "पट्टेवाली गिऱ्हाईक परत करतं, मी ठेवून काय करू?" त्याचंही बरोबरच. मी तरी चिकाटीनं पट्टेवालीच मागायचो. शेवटी मला लांबून बघितलं की तो पोऱ्याला ओरडायचा, "पट्टेवालो इलो रे!" सरकारी कचेरीत जन्म काढल्यासारखं वाटायचं.

अमेरिकेत असल्या पट्टेवाल्यांनी दुकानदारावर न थांबता थेट कंपन्यांना धरलं. २००१ साली 'विली वाँका अँड द चॉकलेट फॅक्टरी'ची तिसाव्या वर्षाची डीव्हीडी आधी फक्त टीव्हीच्या मापातच निघाली. लोकांनी सह्या गोळा केल्या, आणि त्याच वर्षी रुंद आवृत्ती काढावी लागली. काळं मागून घेण्यासाठी सह्या! काकूला सांगितलं असतं तर तिनं माझी दृष्ट काढली असती.

पुढे टीव्हीच रुंद झाले. मला वाटलं, मिटलं. पण काच रिकामी दिसली की माणसाला राहवत नाही. 'द सिम्पसन्स' या अमेरिकन कार्टून मालिकेचे जुने, चौकोनी भाग २०१९मध्ये डिस्नेनं वरून-खालून कापलेले, रुंद असे दाखवले. त्यात एक विनोद असा, की बिअरच्या तीन वेगवेगळ्या नावांच्या पिंपांना वरून एकच नळी आलेली आहे. कापताना नळीच गेली. उरली तीन पिंपं, हसायचं कशाला? लोकांनी बोंब मारली, तेव्हा २०२०मध्ये मूळ मापाची सोय आली.

गेल्या गणपतीत चुलतभावानं काका-काकूच्या लग्नाची कॅसेट पेनड्राइव्हवर करून आणली. नवा मोठा टीव्ही, आणि 'झूम' चालू. सगळ्यांची कपाळं छताला लागलेली, मुंडावळ्या भुवयांपासून सुरू. काकू खुर्ची ओढून अगदी पुढे जाऊन बसली. थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "माझो वळेसार खंय गेलो?"

मी रिमोट घेतला. चित्र आक्रसलं, डाव्या-उजव्या बाजूला काळे पट्टे आले, आणि मध्ये, डोक्यावर, अबोलीचा भलाथोरला वळेसार.

"ह्यो बघ," काकू सुनेला म्हणाली. "आयेन केल्लो."

पट्ट्यांबद्दल ती काही बोलली नाही. भाऊच म्हणाला, "अरे, पण साइडला काळं का येतंय?"