गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपला कुलूप का?

भाजी घेताना विचारता, सांगलीच्या भर हरभट रोडवर गाडी थांबवून विचारता. परवा तर एका बारशात पाळण्याची दोरी माझ्या हातात असताना विचारलंत, “काकू, ग्रुप कधी उघडणार?” मागून कुणीतरी “हुकूमशाही आहे ही” असंही म्हणालं. आवाज ओळखलाय मी. तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच लिहिते. लांबेल जरा.

आधी एक गैरसमज. केसला घाबरून मी ‘ओन्ली ॲडमिन’, म्हणजे फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल असं, केलेलं नाही. मेंबरनं काही वेडंवाकडं टाकलं आणि त्यात ॲडमिन सामील नसेल, तर त्याला जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्येच सांगितलंय. माझ्या भाच्यानं मला ते वाचून दाखवलंय. दुसरं, गुड मॉर्निंगच्या गुलाबांमुळेही नाही. गुलाबांनी फोन भरतो एवढंच. त्यावर आपोआप डाउनलोड बंद करायचं, ग्रुप म्यूट करायचा, झालं. तुमच्यातल्या निम्म्या जणांना ते सेटिंग मीच ओट्यावर बसून करून दिलंय. कावीळ उतरवणारी मुळी, अमक्या पुढाऱ्याचे जुने फोटो, ‘दहा जणांना पाठवा, संध्याकाळपर्यंत चांगली बातमी येईल’, हे सगळं मी तीन वर्षं दात-ओठ खात सहन केलं. एकदा चिडून लिहिलं होतं की हा ग्रुप पंप, चिखल आणि पंचनाम्यासाठी काढलाय. त्यावर एकोणीस अंगठे आले, आणि विसाव्याला पुन्हा मुळी.

ग्रुप २०१९ च्या ऑगस्टमध्ये निघाला, पाणी उतरल्यावर. आयर्विन पुलाला ५७ फुटांच्या वर गेलेलं कृष्णेचं पाणी आपण पाहिलंय, ते काही सांगत बसत नाही. पण एक सांगायचं राहिलंय. त्या पुरात ‘कोयना धरणाला तडा गेलाय’ ही व्हॉइस नोट आपल्यापैकी निदान सहा जणांना मी पाठवली होती. मी. अंधार, फोनला अकरा टक्के चार्ज, आणि नोटमधला माणूस इतका ठाम बोलत होता की मला वाटलं, खोटं असेल तर देव क्षमा करेल, पण खरं असलं तर? ‘खरं असलं तर’ एवढ्यावरच सगळे फॉरवर्ड पुढं सरकतात. त्याच्या आदल्या वर्षी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच जणांना मारून टाकलं होतं, आणि त्यानंतर व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड एका वेळी पाचच ठिकाणी जाईल असं झालं होतं. ते मी पेपरात वाचून हळहळले होते. आणि पाचाची मर्यादा आडवी आली म्हणून दोन हप्त्यांत नोट पाठवली होती.

म्हणून २०२१ च्या जुलैत मी शहाणी झाले होते. फार शहाणी.

शुक्रवारची रात्र. पाणी चढत होतं. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोडकडची माणसं बाहेर पडू लागली होती. ग्रुपवर दर मिनिटाला काहीतरी. एकानं २०१९ चा बसस्टँडचा व्हिडिओ ‘आत्ताचा’ म्हणून टाकला. मग व्हॉइस नोट, ‘साहेबांनी आतून सांगितलंय, दोन तासांत गावभाग रिकामा करा.’ कुठले साहेब, कुठलं आतून, काही नाही. वर दुहेरी बाण, म्हणजे कुठून कुठून फिरून आलेली. वाड्यातल्या आजी गाठोडं घेऊन जिन्यात येऊन बसल्या, पावसात, आणि कुणाचं ऐकेनात. दुसऱ्याचा मेसेज पुसायची सोय तेव्हा ॲडमिनला नव्हती, ती २०२२ मध्ये आली. तेव्हा हातात दोनच गोष्टी होत्या, माणूस काढा नाहीतर ग्रुप बंद करा. अकराच्या सुमारास मी ग्रुप बंद केला. त्याआधी पाटबंधारे खात्याचा शेवटचा आकडा टाकला आणि खाली स्वतःच्या मनानं एक ओळ लिहिली: ‘आपल्या गल्लीत पाणी यायला अजून बराच अवकाश आहे. आज रात्री काळजीचं कारण नाही. सर्वांनी झोपा.’

ही ओळ कुणी मागितली नव्हती. २०१९ ला आपल्या बोळात पाणी कधी आलं होतं त्यावरून मी हिशेब केला होता. पुलाला ४० फुटांला इशारा, ४५ ला धोका हे इथं पोराटोरांना पाठ असतं, त्यामुळं प्रत्येकाला आपण इंजिनिअर आहोत असं वाटतं. मलाही वाटलं. पाणी नदीकडूनच येणार असं धरून मी बसले होते.

फोन हॉलमध्ये चार्जिंगला, आवाज बंद. सासूबाईंना बरं नव्हतं, मी आत झोपले.

साडेपाचला उठून पाहिलं. मागच्या बोळात राहणारा, रिक्षा चालवणारा मुलगा, त्याचा मेसेज होता. वेळ एक बेचाळीस. ‘काकू ग्रुप उघडा. मागं गटारातनं पाणी वर यायलंय. मास्तर खालीच झोपल्यात.’ एक सत्तेचाळीसला, ‘काकू’. मग तीन मिस्ड कॉल. मग काही नाही.

टेलर मास्तर दुकानाच्या मागच्या खोलीतच झोपायचे. त्या पोरानं शेवटी शटर वाजवून त्यांना उठवलं, त्यांचा हात धरून बाहेर काढलं. माणूस वाचला. शिलाईच्या दोन मशीनच्या मोटारी, गणपतीसाठी आलेली कापडं, गिऱ्हाइकांचे बेतलेले ब्लाउज गुडघाभर घाण पाण्यात. नदीचं पाणी असतं तर निदान चिखल धुता येतो. गटाराच्या पाण्यातलं कापड कोण अंगाला लावणार? मी गेले तेव्हा मास्तर एक एक तुकडा उचलून त्यावरची नावाची चिठ्ठी वाचत होते. शाई उतरली होती.

मला म्हणाले, “वहिनी, तुमचा मेसेज वाचून निवांत झोपलो होतो बघा.” टोमणा नव्हता. अगदी कौतुकानं सांगितल्यासारखं. टोमणा असता तर बरं झालं असतं.

पोराला मी दुपारी फोन केला. म्हणाला, “काकू, तुमचं चुकलं असं न्हाय म्हणत. पण आमाला बोलायला जागाच न्हवती की.” संध्याकाळी त्यानं ग्रुप सोडला. तेव्हा गुपचूप सोडायची सोय नव्हती, सगळ्यांना दिसलं. कारण कुणी विचारलं नाही.

मग मी ग्रुप सताड उघडा ठेवला. वर्षभर. कान पकडले म्हणा. तुम्ही म्हणता ना की आधी उघडा होता तेव्हा काय बिघडलं? सांगते. २०२२ च्या सप्टेंबरात आपल्याच जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंग्यात, पंढरपूरला निघालेल्या चार साधूंना मुलं पळवणारे समजून मारहाण केली. त्याच आठवड्यात आपल्या ग्रुपवर भंगारवाल्या बाईचा फोटो आला होता, ‘हिच्यावर लक्ष ठेवा’ म्हणून. ती बाई गेली दहा वर्षं आपल्या गल्लीत येते. तुमची रद्दी तिनंच नेलीय. फोटो मी पुसला, आता पुसता येत होता. पण दिसायचा तेवढ्यांना दिसला होता आणि दुसऱ्या दिवशी ती कोपऱ्यावरूनच परत गेली. त्या रात्री मी पुन्हा कुलूप घातलं.

आता चार ॲडमिन आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. एक मागच्या बोळातला हवाच म्हणून घेतला. (त्यानं पहिल्याच दिवशी हळदीच्या दुधाचा फॉरवर्ड टाकला, ते सोडा.) रात्री दोघांनी तरी फोनचा आवाज चालू ठेवायचा असं ठरलंय. ठरलंय म्हणजे मी ठरवलंय. बाकीचे ठेवतात की नाही हे तपासायला मी रात्री एकला फोन करणार नाही.

२०१९ मधली मी आत्ताच्या मला विचारते, तुला कोण पारखायला बसवलं? माझ्याकडं उत्तर नाही. त्या ओळीचं तर अजिबात नाही. भंगारवाल्या बाईचं विचारलं तर मात्र मी भांडेन.

शिवाय कुलूप घातल्यापासून सगळं माझ्याकडंच पर्सनलवर येतं. ‘काकू, हे ग्रुपवर टाका.’ मुळी, व्हिडिओ, साहेबांच्या नोटा, सगळं. आधी निदान तुमच्यात वाटून जायचं. न वाचता पुसायचं धाडस मला आता होत नाही. जूनपासून फोन उशाशी असतो, आवाज मोठा. परवा रात्री दीडला वाजला, धडपडत चष्मा शोधला. चंद्रकोरीवर बसलेलं बाळ, शुभ रात्री. कुणी पाठवलं ते सांगत नाही. कृपा करून रात्री दहानंतर पाठवू नका. आणि गटारातून पाणी वर आलं, तर मेसेज नको, फोन करा, उचलेपर्यंत करा.