पूजेचं नाटक आणि खजिनदारांची वही

तळकोकणात जत्रेचं दशावतारी नाटक कुठल्या कंपनीनं करायचं, हे बहुतेक देवळांत ठरलेलंच असतं. मान पिढीजात, त्यात कुणी तोंड घालत नाही. चुरस लागायची ती आमच्या मंडळाच्या सत्यनारायणाच्या पूजेला. वाडीत सरळ दोन तट. अर्ध्यांना वालावलकर कंपनी हवी, अर्ध्यांना मोचेमाडकर. नेरूरच्या कलेश्वर कंपनीचे चाहते मध्येच तिसरी काडी टाकून मोकळे.

निवाडा व्हायचा खजिनदारांच्या वहीत. लाल कापडी बांधणीची, लांबट. कुठल्या साली कुठली कंपनी, आख्यान काय, नारळासोबत विसार म्हणून आगाऊ पैसे किती दिले, बक्षीस कोणत्या नटाला, सगळं त्यात. कंपन्यांच्या मालकांकडेही डायऱ्या असत. जत्रा तिथीवर चालतात. त्यामुळे कार्तिक-मार्गशीर्षात एकाच रात्री अनेक गावांची मागणी आणि कंपनी एकच. अधिक मास आला की जत्रा पुढे सरकणार, पावसाआधीच्या रात्री कमी पडणार, हे गणित मालकांना तोंडपाठ. आम्ही तारीख मागायला गेलो की डायरीचं पान आम्हाला दिसेल न दिसेल असं धरून, 'बघूया' म्हणायचे.

डायरीनं न सुटणारं भांडण एकच. "ह्यां आख्यान आमचां, तेंनी उचल्लानी!" आता पुरावा काय देणार? दशावताराला लिखित संहिता नाही. रंगपटात तोंडाला रंग लावता लावता जाणता नट कथा सांगणार, कोण कुठे शिरणार ते ठरणार, आणि मूळ नाटकाआधीच्या आडदशावतारातला संकासुराचा प्रवेश आटोपला की रात्रभर संवाद जागच्या जागी सुचतील तसे. वहीत नुसतं आख्यानाचं नाव उरतं.

एका वर्षी मंडळानं तोडगा म्हणून संयुक्त दशावतार ठेवला. दोन कंपन्यांचे दोन राजे, मध्ये एकच बाकडं. तेच सिंहासन, तोच रथ. एक राजा त्यावर पाय ठेवून बोलायला लागला तो थांबेचना. दुसऱ्यानं शास्त्राधार काढला, पहिल्यानं त्यावर पुराण. युद्ध सुरू व्हायचं नाव नाही. मृदंगवाल्यानं दोनदा थाप मारून सुचवलं, पण कोण ऐकतो! उजाडलं तेव्हा कुठे तलवारी निघाल्या. पुढच्या रांगेत गुडघ्यावर वही घेऊन बसलेल्या खजिनदारांनी लिहिलं: 'संयुक्त. नाटक सकाळी साडेसहास संपले. दोघांस बक्षीस सारखेच.' दुपारी दोन्ही तटांची माणसं ती ओळ बघायला त्यांच्या ओटीवर हजर.

हल्ली नाटक मोबाइलवर चित्रित होतं, त्यामुळे कोण कुणाला भारी पडला यावरचा वाद लगेच मिटतो. मला काही ते मानवत नाही. पण चुरस आहे तिथंच आहे. गेल्या पूजेला फलकावर नाव आधी कुणाचं यावरून अडलं, तर मंडळानं दोन फलक छापले आणि तिठ्याच्या दोन बाजूंना लावले. आता वाद हा, की एसटी कुठल्या बाजूनं येते.