आमची वाटचाल: देवघराच्या जाळीपासून स्लॉट कारच्या ट्रॅकपर्यंत

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचा छोटा गाळा आहे. एक सीएनसी राउटर (कॉम्प्युटरवर चालणारं कोरायचं मशीन), एक कॉम्प्रेसर आणि माणसं तीन: मी, मेहुणा आणि रंगकाम सांभाळणारी माझी बायको. सुरुवातीला सगळं जॉबवर्कच होतं. किचनच्या शटरवरची नक्षी, देवघराच्या जाळ्या, कारखान्यांना माल देणाऱ्यांसाठी पार्ट ठेवायचे ट्रे. ड्रॉइंग त्यांचं, रेट त्यांचा आणि पेमेंटही त्यांच्या मर्जीने. आपलं म्हणता येईल असं काही बनवावं हे डोक्यात होतं, पण काय ते सुचत नव्हतं.

मेहुण्याच्या आतेभावाने दुबईहून स्लॉट कारचा, म्हणजे ट्रॅकच्या खाचेत विजेवर पळणाऱ्या खेळण्यातल्या गाड्यांचा, सेट आणला आणि विषय निघाला. हा छंद तसा जुना. फ्रेड फ्रान्सिस या इंग्रजाने चावीच्या पत्र्याच्या गाड्यांत मोटार बसवली आणि 1957 मध्ये स्केलेक्स्ट्रिक नावाने असा सेट बाजारात आणला. ट्रॅकला खाच, खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या. गाडीखालचा गाईड खाचेत चालतो, त्याच्या तांब्याच्या जाळीदार पट्ट्या करंट उचलतात. हातातल्या कंट्रोलरचा खटका जितका दाबाल तितका वेग. खटका सोडला की मोटारीची दोन्ही टोकं एकमेकांना जोडली जातात, फिरणारी मोटार क्षणभर जनरेटर होते आणि गाडीला ब्रेक लागतो. स्टिअरिंग नाही, म्हणून पोरखेळ वाटतो. वाटू द्या. दोन मिनिटं खटका हातात घेतला की मोठी माणसंसुद्धा जागची हलत नाहीत.

त्या सेटच्या पट्ट्या पोलादी होत्या. नाशिकच्या पावसाळ्यात त्या गंजल्या आणि गाडी अडखळायला लागली. मेहुणा म्हणाला, "दाजी, खाच पाडायचं मशीन आपल्याकडे आहेच की." धंदा तिथून सुरू झाला.

12 मिमीच्या एमडीएफमध्ये (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या शीटमध्ये) 3 मिमी रुंद आणि साधारण 7 मिमी खोल खाच पाडायची आणि दोन्ही बाजूंना तांब्याची चिकटपट्टी लावायची. सांगायला एवढंच. एमडीएफ ओल धरतो आणि खाचेच्या कडा फुगतात, म्हणून खाचेच्या आतून, कडांना आणि शीटच्या पाठीमागूनही प्रायमर लागतो. या कामात बायको कोणाचं ऐकत नाही, तिचा हात फिरल्याशिवाय शीट गाळ्याबाहेर जात नाही. तांब्याची पट्टी पातळ असल्यामुळे लांबच्या टोकाला करंट कमी पडतो आणि गाडी मंदावते. त्यासाठी खालून जाड वायर फिरवून ठिकठिकाणी सोल्डरने जोड देतो.

गिऱ्हाईक येतं ते लांबलचक सरळ रस्ता मागत. 8 बाय 4 फुटांची शीट, 1/32 चं माप (खऱ्या गाडीच्या बत्तिसाव्या भागाएवढी गाडी), म्हणजे खऱ्या हिशोबात 256 फूट. एवढ्यात सरळ रस्ता म्हणजे खटका दाबला आणि संपला. आम्ही वळणं सुचवतो आणि मध्ये पूल घालून इंग्रजी आठचा आकार देतो. साध्या गोल ट्रॅकवर दोन लेनमध्ये 10 सेंमी अंतर असेल तर बाहेरच्या गाडीला प्रत्येक फेरीत सुमारे 63 सेंमी जास्त पळावं लागतं. आठच्या आकारात हिशोब बरोबरीत सुटतो आणि भावाभावांतली भांडणं वाचतात. फ्लॅटमध्ये जागा नसते, म्हणून बहुतेक ट्रॅक भिंतीला बिजागऱ्यांवर घडी होणारे किंवा दिवाणाखाली सरकणारे. इंदिरानगरला एका काकांनी गॅलरीत बसवून मागितला, आम्ही नाही म्हणालो. तिथे पाऊस आत येतो.

तक्रार मात्र एकच, पुन्हा पुन्हा येणारी. "दादा, सेटवर पळते ती गाडी तुमच्या ट्रॅकवर वळणाला बाहेर का फेकली जाते?" कारण सेटच्या गाडीच्या पोटात मॅग्नेट असतं. ते पोलादी पट्टीला धरून ठेवतं, तांब्याला धरत नाही. मग गिऱ्हाइकाला गाळ्यावर बोलावतो. मॅग्नेट काढायचं, चेसिसला खाली शिशाची पट्टी चिकटवायची, मागचे टायर पॉलिश पेपरवर फिरवून गोल आणि सपाट करायचे. गाडी थोडी हळू होते, पण वळणावर मागून सरकते, सावरता येते. मॅग्नेटवर गाडी चालवणं म्हणजे बोट धरून सायकल शिकणं, हे माझं ठाम मत.

गाड्या आम्ही उशिरा सुरू केल्या. परदेशी मॉडेलं मिळतात, आपल्या रस्त्यावरच्या मिळत नाहीत. म्हणून पहिली घेतली प्रीमियर पद्मिनी. खरी गाडी लांबीला 3.93 मीटर, आपली सव्वाबारा सेंमी. सिलिकॉनच्या साच्यात रेझिनची बॉडी ओततो. आत मोटारीला 9 दातांचं छोटं चाक (पिनियन), मागच्या चाकांच्या दांड्याला 27 दातांचा क्राउन गियर. खरी पद्मिनी जितकी रुंद जवळजवळ तितकीच उंच, त्यामुळे मॉडेल वळणावर कलंडायचं. छत कागदासारखं पातळ करून वजन खाली नेलं तेव्हा कुठे बसलं. बंपरला चांदी रंग हातानेच लागतो, त्याला दिवस जातो आणि त्याचे पैसे पूर्ण वसूल होत नाहीत.

जॉबवर्क अजून सोडलेलं नाही. लाइटबिल त्यावरच निघतं. सणाआधी देवघरं, एरवी ट्रॅक. डिजिटल ट्रॅक, म्हणजे गाडीत चिप आणि लेन बदलायची सोय, लोक विचारतात. ते काम आम्ही घेत नाही. बिघडलं तर नाशिकमध्ये बसून दुरुस्त करता येईल एवढंच विकायचं, असं आमचं ठरलेलं आहे. सध्या मेहुणा अँबेसेडरचा साचा घासतोय.