तुम्ही विचारलंत म्हणून: घोडीला ॲलर्जीच्या गोळ्या देता ना, किती देता?

हा प्रश्न मला इतक्यांदा आलाय की आता एकदाच सगळं लिहून टाकते. कधी फोनवर, कधी तबेल्याच्या दारात उभं राहून कुणीतरी विचारतंच, "तुमच्या घोडीला खाज सुटायची ना, मग तुम्ही तिला आपलीच सेटिरिझिन देता म्हणे, किती गोळ्या देता?" मी आकडा सांगितला की समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

हिशोब असा आहे. घोड्यांसाठी सेटिरिझिनचा जो डोस सहसा वापरतात तो किलोमागे 0.2 ते 0.4 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. माझी घोडी साधारण 450 किलोची. म्हणजे एका वेळेला 90 ते 180 मिलिग्रॅम, आणि आपली गोळी असते 10 मिलिग्रॅमची, म्हणजे एका वेळी 9 ते 18 गोळ्या आणि दिवसाला 36 पर्यंत. हायड्रॉक्सिझिन हे ॲलर्जीचं दुसरं औषध दिलं तर किलोमागे 1 मिलिग्रॅम धरून 450 मिलिग्रॅम, 25 च्या गोळ्या घेतल्या तर पुन्हा अठराच, आणि तेही दिवसातून दोन-तीनदा. आपण एक गोळी घेऊन दुपारभर पेंगतो आणि इथे मूठभर गोळ्या, त्यामुळे लोकांना वाटतं मी घोडीला मारायलाच निघालेय. पण हा आकडा ऐकून कुणी घरी जाऊन गोळ्या मोजायला बसू नका प्लीज. माझ्या घोडीचं वजन, तिची बाकीची औषधं, ती गाभण नाहीये, हे सगळं बघून तिच्या डॉक्टरांनी तो ठरवलाय. तुमच्या घोड्याचा तुमचे डॉक्टर ठरवतील. माणसाचं औषध जनावराला देणं ही त्यांच्या जबाबदारीवर करायची गोष्ट आहे, माझ्या नाही.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. किती देता हा प्रश्नच जरा चुकीचा आहे, कशासाठी देता आणि कधी देता हे आधी विचारायला हवं.

अँटीहिस्टामिन, म्हणजे ह्या ॲलर्जीच्या गोळ्यांतलं औषध, करतं काय, तर रुमाल टाकून जागा धरतं. ॲलर्जी झाली की शरीरातल्या मास्ट सेल नावाच्या पेशी फुटून हिस्टामिन बाहेर सांडतं, ते जाऊन एच-वन रिसेप्टरवर, म्हणजे पेशींवरच्या त्याच्या ठरलेल्या जागेवर, बसतं, मग रक्तवाहिन्या पाझरायला लागतात, सूज येते, खाज सुटते. गोळीतलं औषध त्या जागेवर आधीच जाऊन बसतं. हिस्टामिन तयार व्हायचं थांबत नाही, सांडलेलं पुसलंही जात नाही, फक्त त्याला बसायला जागा मिळत नाही. त्यामुळे घोडा अंग घासून घासून रक्तबंबाळ झाल्यावर गोळ्या चालू करणं म्हणजे सगळी गाडी भरल्यावर रुमाल टाकणं. (ही औषधं काही नवीन नाहीत बरं का, डॅनियल बोव्हे ह्या शास्त्रज्ञांनी 1937 मध्ये पहिलं अँटीहिस्टामिन दाखवलं आणि 1957 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ऐंशीपेक्षा जास्त वर्षं झाली तरी रुमालाचं गणित तेच.)

आता दोन प्रसंग सांगते, म्हणजे कळेल मी असं का म्हणतेय.

एकदा सकाळी खरारा करायला गेले आणि हात मानेवरून फिरवला तर हाताला गाठी लागल्या. उजेडात आणून बघितलं तर मान, खांदा, बरगड्या, सगळीकडे गांधी उठलेल्या, काही नाण्याएवढ्या आणि काही एकात एक मिसळून नकाशासारख्या. बोटाने दाबलं तर खळगा पडायचा आणि हळूहळू भरून यायचा. घोडी मात्र शांत, चंदी खातेय, ताप नाही. डॉक्टरांनी हायड्रॉक्सिझिन चालू केलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत अंग जवळजवळ सपाट. कशाने झालं ते सापडलं नाही, नवीन भुसा की नवीन वैरण की आदल्या दिवशीचा स्प्रे, काय माहीत. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर अशा गांधी कधीकधी आपल्या आपणही बसतात, त्यामुळे सगळं श्रेय गोळीला द्यायला माझं मन धजत नाही. पण अंगावर पित्त उठतं त्या प्रकारात ही औषधं उपयोगी पडतात हा अनुभव बऱ्याच जणांचा आहे, माझाही आहे.

दुसरा प्रसंग म्हणजे ज्याच्यासाठी तुम्ही खरं विचारता तो. खाज. आयाळीच्या मुळाशी आणि शेपटीच्या बुडाशी, खांबाला घासून घासून केस तुटून शेपूट उंदरासारखं होतं ती खाज. त्या खांबाच्या फटीत मला रोज सकाळी केसांचा पुंजका सापडायचा, तिच्या रंगाचा, मुळाशी कोंडा चिकटलेला. ही खाज बहुतेक वेळा चिलटांमुळे असते, क्युलिकॉइड्स जातीची, एक ते तीन मिलिमीटरची, डोळ्याला दिसतील न दिसतील एवढी. चावा महत्त्वाचा नाही, त्यांच्या लाळेतल्या प्रोटीनची ॲलर्जी असते. ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्याच्या कडेला वाढतात, आणि उजाडताना आणि अंधार पडताना त्यांचा मारा जास्त असतो.

ह्यातली मला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट आइसलँडच्या घोड्यांची. तिथे ही चिलटं पूर्वापार नव्हतीच, त्यामुळे तिथल्या घोड्यांना ह्या आजाराची ओळखच नव्हती. पण तिथे मोठा झालेला घोडा युरोपात विकला गेला की दोन-तीन उन्हाळ्यांत त्याला ही खाज लागायची शक्यता युरोपातच जन्मलेल्या त्याच जातीच्या घोड्यापेक्षा कितीतरी जास्त. आणि त्या देशाचा नियम असा की एकदा बाहेर गेलेला घोडा परत आत घेत नाहीत, म्हणजे बिचाऱ्याला खाजवत तिकडेच राहायचं.

तर ह्या खाजेवर गोळ्या. पहिल्या वर्षी मी सेटिरिझिन दिलं, दहा दिवस झाले, फरक शून्य. मी सगळ्यांना सांगत सुटले की हे औषध घोड्यांना लागूच पडत नाही. अकराव्या दिवशी बादली धुताना बघितलं तर तळाला पांढरा थर, चिकट, बोटाने खरवडला तर निघाला. बाईसाहेब चंदी खात होत्या आणि गोळीचा चुरा तेवढा वेगळा काढत होत्या. घोड्याचे ओठ म्हणजे चिमटा आहे, दाण्यातून खडा निवडून बाजूला ठेवतात, आणि मी त्यात कडू गोळ्या अर्धवट कुटून टाकत होते. तेव्हापासून गोळ्या बारीक पूड करते, थोडं पाणी आणि सफरचंदाचा कीस घालून पेस्ट करते आणि जाड तोंडाच्या सिरिंजने, सुई अर्थातच काढून, ओठाच्या कोपऱ्यातून जिभेच्या मागे सोडते. मग डोकं जरा वर धरायचं, नाहीतर सगळं आपल्या बाहीवर.

पण नीट पोटात गेल्यावरही चिलटांच्या खाजेवर फरक जेमतेमच पडला. आणि हे फक्त माझंच म्हणणं नाहीये. सेटिरिझिन घोड्यांमध्ये तपासलं गेलंय. कातडीत मुद्दाम हिस्टामिन टोचलं तर गोळी दिलेल्या घोड्याला गांध लहान उठते, म्हणजे औषध पोचतं आणि काम करतं. पण चिलटांची ॲलर्जी असलेल्या घोड्यांना तीच गोळी आणि खोटी गोळी देऊन तुलना केली तेव्हा दोन्हीत फरक दिसला नाही. कारण त्या खाजेत हिस्टामिन एकटं नसतं. इंटरल्युकिन-31 सारखे खाजेचे निरोप देणारे दुसरे रेणू असतात, काही तासांनी जमा होणाऱ्या इओसिनोफिल पेशी असतात, त्यांना तुमच्या रुमालाशी काही देणंघेणं नाही. काही घोड्यांना मात्र आराम पडतो, हे पण खरं, आणि एका औषधाने नाही पडला तर डॉक्टर दुसरं बदलून बघतात. द्यायचंच तर चिलटांचा सीझन सुरू व्हायच्या आधीपासून रोज, मधे खंड न पाडता, आणि निदान दोन आठवडे तरी थांबून मग मत बनवायचं, माझ्यासारखं बादली न बघता नाही.

अजून थोडं, कारण हेही लोक विचारतात. "झोप न येणारी नवी गोळी द्या ना, फेक्सोफेनाडिन." माणसाला छान, पण घोड्याच्या आतड्यातून ती रक्तात जेमतेम काही टक्के पोचते, बाकी सगळी लिदीत. सर्दी-ॲलर्जीच्या कॉम्बिनेशन गोळ्यांमध्ये स्यूडोएफेड्रिन असतं, त्या चुकूनही नकोत. आणि इंजेक्शन स्वतः द्यायचं धाडस करू नका, शिरेतून अँटीहिस्टामिन पटकन गेलं तर घोडा झोपायच्या ऐवजी भडकतो, थरथरतो, कधी त्याचं ब्लड प्रेशर पडतं. गोळ्यांनीही काही घोडे सुस्त होतात आणि काही उलट बुजरे होतात, त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस खोगीर चढवू नका.

तोंड सुजलंय, नाकपुड्या फुगवून श्वास ओढतोय, पाय लटपटतायत, असं दिसलं तर गोळीचा विचारसुद्धा नको, तिथे ॲड्रेनालिन लागतं आणि डॉक्टर लागतात, लगेच.

मग स्टिरॉइड? हो, खाज थांबते, झपाट्याने थांबते, मी नाही म्हणणार नाही. एका उन्हाळ्यात घोडीने मानेवर हाताएवढी जखम करून घेतली तेव्हा प्रेडनिसोलोन दिलंच. (प्रेडनिसोन नव्हे हं, ते घोड्याच्या तोंडातून दिलं तर धड लागू पडत नाही.) पण स्टिरॉइडने खुराच्या आतली सूज, लॅमिनायटिस, ओढवायची भीती असते, आणि वजनाने सुटलेला घोडा असेल तर ती भीती जास्त, म्हणून मी त्याला पाहुण्यासारखं वागवते, आला, काम केलं, गेला.

स्पर्धेत उतरणार असाल तर तुमच्या डॉक्टरांना आधी सांगा. एफईआयच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाच्या, स्पर्धांत अँटीहिस्टामिन अंगात सापडलं तर चालत नाही, औषध किती दिवस आधी बंद करायचं ते त्यांना विचारूनच ठरवायचं. आणि ॲलर्जीची त्वचेवरची टेस्ट करायची असेल तरी गोळ्या आधी काही दिवस बंद कराव्या लागतात, नाहीतर टेस्ट सगळीकडे नाहीच म्हणणार.

आणि एक आधीच बघायचं, खाज ॲलर्जीचीच आहे ना. फक्त शेपटीच घासत असेल तर ऑक्सियुरिस नावाचे जंत असू शकतात, ते गुदद्वाराभोवती अंडी चिकटवून ठेवतात. पारदर्शक चिकटपट्टी तिथे दाबून काढायची आणि डॉक्टरांना द्यायची, मायक्रोस्कोपखाली अंडी दिसतात. उवा असतात, पायांच्या केसांत खरजेचे माइट्स असतात. ह्यातल्या कशावरही सेटिरिझिनच्या छत्तीस गोळ्या काही करणार नाहीत.

मी आता काय करते, तर संध्याकाळी ऊन उतरायच्या आत घोडी आत. समोर मोठा पंखा, कारण चिलटं उडण्यात अगदी कच्ची, जरा वारा असला की टिकत नाहीत. दिवसा बाहेर असताना बारीक जाळीची झूल, मान आणि पोटासकट. तबेल्याच्या मागे पाणी साचायचं तो खड्डा बुजवला. परमेथ्रिन ह्या कीटकनाशकाचा स्प्रे मारते पण मांजराला त्या वेळी कोंडून, कारण मांजराला ते विष आहे. गोळ्या ठेवलेल्या असतात फळीवर, गांधी उठल्या तर काढते, डॉक्टरांना फोन करून. गेल्या सीझनला एक पाकीटही संपलं नाही.

परवा तो खांब मुद्दाम बघितला, फटीत तीन केस निघाले, तेही बहुतेक शेजारच्या शिंगराचे.