तिसऱ्या स्क्रूचा निकाल लागला

निघाला एकदाचा! माझ्या जुन्या जपानी गाडीच्या दारावरचा आरसा बदलायचाय. मागच्या अपडेटमध्ये त्याचे दोन स्क्रू सुटले आणि खालच्या कोपऱ्यातला तिसरा अडून बसला, एवढ्यावर गाडं थांबलं होतं. तेव्हापासूनचा सगळा वेळ त्या एकट्याने खाल्ला.

त्याच्या डोक्यातली खाच आधीच कुणीतरी साध्या फिलिप्सने (नेहमीच्या चौफुली स्क्रू ड्रायव्हरने) खाऊन ठेवली होती. जपानी गाड्यांचे हे जुने स्क्रू जेआयएस, म्हणजे जपानी मानक मापाचे. फिलिप्सचं टोक त्यांत तळापर्यंत बसत नाही. जोर लावला की वर सरकतं आणि कडा सोलून काढतं. डोक्यावर बारीक ठिपका दिसला की समजायचं, जेआयएस. माझं विचाराल तर जुन्या जपानी गाडीवर काम करणाऱ्याने महागडा सॉकेट सेट नंतर घ्यावा, आधी चांगला जेआयएस स्क्रू ड्रायव्हर घ्यावा. तो फिलिप्सलाही चालतो.

टोकाला व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट लावून पकड वाढवून पाहिली. पेनिट्रेटिंग ऑइल रात्रभर मुरू दिलं. ढिम्म. हीट गन नको, कारण शेजारीच प्लास्टिक आणि गाडीचा मूळ रंग. इम्पॅक्ट ड्रायव्हरवर (ठोकला की झटक्याने फिरणाऱ्या स्क्रू ड्रायव्हरवर) हातोडा मारायचा, तर मागे दाराचा पातळ पत्रा. सुटलेल्या दोघांच्या आट्यांत पांढरी भुकटी भरलेली होती, तेव्हा आत काय झालंय ते कळलंच: स्क्रू स्टीलचा, आरशाचा पाया डाय-कास्ट अॅल्युमिनियमचा, आणि मध्ये कित्येक पावसाळ्यांचं पाणी. असे दोन धातू एकमेकांना धरून बसले की तेल आत शिरायला जागाच राहत नाही.

मग डावखुरं (उलट फिरवून भोक पाडणारं) ड्रिल बिट आणि ईझी-आउट, म्हणजे त्या भोकात रुतवून स्क्रू उलटा फिरवून काढायचं हत्यार, काढून ठेवलं. ईझी-आउटवर माझा विश्वास नाही. ते आत तुटलं तर इतकं कडक असतं की साधं ड्रिल त्यावर नुसतं घसरतं. ते हातात घेऊन बसलो असतानाच लक्षात आलं, अहो, आटे आहेत कुठे? दारात नाहीतच! स्क्रू आतून येतो, पत्र्यातून आरपार जातो आणि आरशाच्या पायात बसतो. तो पाया तर भंगारातच जायचाय. मग आटे वाचवायचे कुणासाठी? डोकं उडवायचं, बास.

दाराच्या पोकळीत चिंध्या कोंबल्या, म्हणजे कीस आणि तुकडे खाली काचेच्या यंत्रणेत जाणार नाहीत. खाचेच्या मध्यावर ३ मिमीचं बिट आपोआप बसतं, तेवढाच त्या खाचेचा उपयोग. मग ५, मग ६.५; वेग कमी, तेल थेंब थेंब. शेवटी ड्रिलचा आवाज बदलला आणि स्क्रूचं डोकं बिटवर अंगठीसारखं गरगर फिरायला लागलं. बाहेरून आरसा जरा हलवला तर अलगद हातात आला, स्क्रूचा उरलेला दांडा पायात तसाच. भोकाच्या कडेचा उघडा पत्रा पुसून लगेच प्रायमर लावला.

नव्या आरशाबद्दल: ऑनलाइन मागवलेला डुप्लिकेट परत पाठवला. काच लाटालाटांची आणि भोकं जुळत नव्हती. त्यापेक्षा भंगारातून आणलेला याच मॉडेलचा ओरिजिनल कितीतरी सरस. दुमडला की स्प्रिंगचा कसा खणखणीत आवाज येतो! ९ व्होल्टच्या बॅटरीवर आरशाची काच हलवणाऱ्या दोन्ही मोटरी तपासल्या. काच हळू का होईना वर गेली, वायरी उलट केल्या तर खाली आली.

गंमत म्हणजे माझ्या गाडीतला कपलर (वायरींचा जोड) तीन पिनांचा, या आरशाचा पाच. जादा दोन आरशाच्या काचेच्या हीटरच्या. त्या टेप गुंडाळून सोडून द्यायच्या, असं ठरलं होतं. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, डोअर पॅड (दाराचं आतलं आवरण) उघडंच आहे तर मागच्या काचेवरची वाफ घालवणाऱ्या डिफॉगरच्या स्विचवरून रिले (विजेवर चालणारा स्विच) चालवावा आणि वेगळ्या फ्यूजमधून हीटरला लाइन द्यावी. पावसात ओली काच पुसत बसायला नको. रेझिस्टन्स मोजून फ्यूज ठरवतो. तोवर पॅड लावत नाही. आरसा लावताना त्याच्या पायाखालचा फोमही नवा टाकणार. जुना दबून पापड झालाय, वाऱ्याची शिट्टी तिथूनच यायची.

अडचण एकच: बिजागरीजवळच्या रबरी नळीतून जादा वायर ओवायची कशी? दार न उतरवता कुणी केलंय का? सायकलच्या ब्रेकची जुनी केबल आधी सरकवून बघावी म्हणतो.