जपानहून मागवलेलं जिमनीचं किट, कुरियरवाल्यांचा केवायसी आणि नाशिकचा पावसाळा : माझा अनुभव

स्केल मॉडेल कार (खऱ्या गाडीची प्रमाणात लहान केलेली, सुटे भाग जोडून बनवायची प्रतिकृती) बनवायला घेणाऱ्या नवीन माणसाला सगळेजण गोंद कुठला घे, ब्लेड कुठलं घे, रंग कुठला घे हे भरभरून सांगतात, पण बाहेरून मागवलेलं किट आपल्या दारात येईपर्यंत मध्ये काय काय होतं ते कोणी नीट लिहीत नाही, म्हणून लिहितोय. माझी गाडी आता तयार होऊन हॉलमध्ये उभी आहे, छान झालीये, तरी त्या कुरियर कंपनीची व्हॅन रस्त्यात दिसली की माझं डोकं अजून तापतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे झालं ते कुठल्याही कंपनीकडे होऊ शकतं.

आधी गाडीबद्दल. मला खरं तर जिप्सी हवी होती. देवळाली कॅम्पच्या आसपास ज्यांचं लहानपण गेलंय त्यांना वेगळं सांगायला नको, तोफखान्याचा भाग, दिवसभर मिलिटरीच्या हिरव्या जिप्सी डोळ्यासमोरून जायच्या. मारुतीने जिप्सी १९८५ ला आणली, ती सुझुकीच्या एसजे ४१० वर बेतलेली, म्हणजे जिमनीच्याच घराण्यातली. जिप्सीचं किट मला कुठे मिळालं नाही पण हासेगावा कंपनीचं जिमनी जेए ११ चं १/२४ स्केलचं किट मिळतं हे कळलं. जेए ११ ही नव्वदच्या दशकातली छोटी जिमनी, ६५७ सीसी टर्बो इंजिन, लांबी ३.३ मीटरच्या आत, २४ ने भागलं की टेबलावर जेमतेम १४ सेंटिमीटर. जिप्सीपेक्षा आखूड आहे पण तेच चौकोनी बॉनेट, तेच गोल दिवे, तीच सरळ उभी काच. म्हटलं हीच घ्यायची आणि मिलिटरी हिरवी करायची.

ऑर्डर मार्चमध्ये केली. मार्च मुद्दाम, कारण नाशिकचा मार्च ते मे कोरडा असतो आणि स्प्रे मारायला त्यासारखे दिवस नाहीत, हे पुढे कळेल. जपानच्या दुकानाने भराभर पॅक करून पाठवलं, मुंबईला पार्सल आलंसुद्धा, आणि तिथून पुढे सगळं थांबलं.

पहिला मेसेज आला 'केवायसी पेंडिंग'. ठीक आहे, बाहेरून कुरियरने काही आलं की ज्याच्या नावावर आहे त्याचं ओळखपत्र लागतं, हा नियमच आहे, त्याला माझी हरकत नाही. लिंक उघडली, आधार टाकलं, तर म्हणे पत्ता जुळत नाही. आधारवर सिडकोचं जुनं घर आहे आणि पार्सल इंदिरानगरला, भाड्याच्या घरी. मग भाडेकरार टाकला, तर फाइल मोठी आहे. लहान करून टाकली, तर अक्षर वाचता येत नाही. बरं हे सांगायला कोणी माणूस नाही, एक ठरलेलं ईमेल यायचं आणि खाली लिहिलेलं असायचं की या पत्त्यावर उत्तर पाठवू नये. शेवटी लाइट बिल, करार आणि आधार असे तिन्ही कागद एकाच पीडीएफमध्ये करून टाकले तेव्हा ते स्वीकारलं गेलं. हे लक्षात ठेवा, तीन कागद एका फाइलमध्ये, आणि मोबाइलने फोटो न काढता झेरॉक्सवाल्याकडून सरळ स्कॅन करून घ्या.

मला वाटलं सुटलं. तर दोन दिवस शांत, आणि मग दुसरं ईमेल, की तुमचं पार्सल 'खेळणी' या प्रकारात मोडतं, बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) सर्टिफिकेट सादर करा, नाहीतर माल परत पाठवला जाईल.

मी एकच किट मागवलेला माणूस. बीआयएसचं सर्टिफिकेट माझ्याकडे कुठून असणार, ते कारखान्याला मिळतं. हेल्पलाइनला फोन लावला. तिकडून "सर आपका केस प्रोसेस में है, २४ से ४८ घंटे में अपडेट आ जाएगा." दुसऱ्या दिवशी लावला, दुसरी मुलगी, तेच वाक्य. तिसऱ्यांदा मी म्हटलं, की मॅडम केस प्रोसेसमध्ये नाहीये, तुमच्याच माणसाने माझ्याकडे अशी वस्तू मागितलीये जी माझ्याकडे असूच शकत नाही, मला त्या माणसाशी बोलायचंय. तर म्हणे क्लिअरन्स टीमला कस्टमरचा कॉल जोडता येत नाही. नवीन तिकीट नंबर दिला. प्रत्येक फोनला नवीन नंबर, आणि जुन्या नंबरावर काय झालं हे नव्याला माहीत नाही.

मग अंबडला त्यांचं ऑफिस आहे तिथे गेलो. ऑफिस म्हणजे एमआयडीसीतला एक गाळा, अर्धं शटर उघडं, आत वजनकाटा आणि थप्पीला लावलेली खोकी. काउंटरवरचा पोरगा चांगला होता, त्याने स्क्रीन माझ्याकडे फिरवून दाखवली, तिथे फक्त 'होल्ड' एवढंच दिसत होतं. म्हणाला, "साहेब, आमच्याकडे फक्त डिलिव्हरी. क्लिअरन्स मुंबईला, आमचाही फोन ते उचलत नाहीत. तुम्ही लेखी द्या काहीतरी, लेखी असलं की पुढे सरकतं." त्याचे मी आजही आभार मानतो, कारण त्या अख्ख्या कंपनीत कामाची गोष्ट बोलणारा तोच एक होता.

घरी येऊन नियम वाचायला बसलो. वाचल्यावर जे कळलं ते सविस्तर सांगतो, कारण हे माहीत असतं तर माझा उन्हाळा वाचला असता. खेळण्यांच्या दर्जाबाबतचा सरकारी आदेश २०२० चा आहे आणि तो १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला, त्यात बीआयएस सक्तीचं झालं. पण त्यात खेळणं म्हणजे काय तेही लिहिलंय, १४ वर्षांखालच्या मुलांनी खेळावं या हेतूने केलेली वस्तू. माझ्या किटच्या दुकानाच्या पानावर आणि डब्यावर १४ च्या पुढचं वय छापलेलं होतं. शिवाय आत काय आहे, तर कच्च्या प्लॅस्टिकच्या फ्रेममध्ये अडकलेले बारीक सुटे भाग, जे धारदार कटरने कापायचे, सॉल्व्हंटच्या, म्हणजे प्लॅस्टिक विरघळवणाऱ्या, गोंदाने चिकटवायचे आणि मग रंगवायचे. लहान मूल त्याच्याशी खेळणार नाही, आणि पूर्ण झाल्यावर तर मीच कोणाला हात लावू देत नाही. दुसरी गोष्ट, कस्टम ड्युटीच्या यादीत ९५०३ नंबरच्या शीर्षकात खेळणी आणि स्केल मॉडेल एकत्रच आहेत, म्हणून कॉम्प्युटरला दोन्ही सारखीच दिसतात. या शीर्षकावरची ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७० टक्के. पण वैयक्तिक वापरासाठी पोस्टाने किंवा विमानाने आलेल्या मालाला वेगळं शीर्षक आहे, ९८०४. म्हणजे ड्युटी किती हा एक प्रश्न आणि बीआयएस लागतं का हा दुसरा प्रश्न, आणि कंपनीने दोन्हीचा एकच गोंधळ करून ठेवला होता. ड्युटी भरायला मी पहिल्या दिवसापासून तयार होतो!

पत्र एका पानाचं लिहिलं. वर एअरवे बिल नंबर (विमानाने आलेल्या पार्सलच्या पावतीचा नंबर), मग एक नग, वैयक्तिक वापर, विक्रीसाठी नाही, वस्तूचं वर्णन, जोडायला आणि रंगवायला लागणारं सामान, डब्यावरच्या वयाचा फोटो, दुकानाच्या पानाचा प्रिंट, कार्डाने पैसे दिल्याची पावती, आणि शेवटी स्पष्ट, की नियमाप्रमाणे होणारी ड्युटी भरायला तयार आहे. सही करून स्कॅन केलं आणि त्यांचे जेवढे ईमेल पत्ते सापडले त्या सगळ्यांना पाठवलं. तरी काही नाही. तेव्हा मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५, तिथे तक्रार नोंदवली, सगळे तिकीट नंबर तारखेसकट दिले. त्यानंतर मात्र कंपनीकडून पहिल्यांदा एका खऱ्या माणसाचा फोन आला, नाव सांगून बोलला, पत्र मिळालं म्हणाला, बीआयएसचा विषय संपला म्हणाला.

मग ड्युटीचं बिल आलं आणि त्यात खाली 'स्टोअरेज' म्हणून वेगळी रक्कम. म्हणजे यांनीच अडवून ठेवायचं आणि ठेवल्याचं भाडं माझ्याकडून घ्यायचं. मी सरळ लिहिलं की केवायसी अमुक तारखेला मंजूर झालेलं आहे, त्यानंतरचा एकही दिवस माझ्यामुळे गेलेला नाही, ही रक्कम काढा, नाहीतर १९१५ वरच्या तक्रारीत हेही जोडतो. काढली त्यांनी. याचा मला गाडीइतकाच अभिमान आहे. ड्युटी भरल्यावर बिल ऑफ एंट्रीची (मालाच्या कस्टम नोंदीच्या कागदाची) कॉपी मागून घ्या, ड्युटी नक्की किती लागली आणि कंपनीने स्वतःचा प्रोसेसिंग चार्ज किती लावला ते त्यावरून वेगळं करता येतं. आणि ड्युटी फक्त वस्तूच्या किमतीवर नसते, पाठवणावळ आणि विमा धरून जी किंमत होते त्यावर असते, तेव्हा महागडं एक्सप्रेस शिपिंग घेतलंत तर ड्युटीही वाढते.

आणखी एक, दुकानदाराला 'गिफ्ट' लिहायला सांगू नका. लोक हा सल्ला अजून देतात, पण गिफ्ट म्हणून आलेल्या मालाला असलेली ड्युटीची सवलत डिसेंबर २०१९ पासून बंद झालीये, राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून. उगाच संशय येतो.

किट हातात आलं तेव्हा नाशिकला पाऊस लागला होता. इथे मला खरा राग येतो. बाकी कापणं, घासणं, चिकटवणं पावसात आरामात होतं, चॅसी आणि इंजिन मी रात्री जेवणं झाल्यावर हळूहळू करत गेलो, टामियाचा एक्स्ट्रा थिन गोंद जोडावर ब्रशने नुसता टेकवला की आपोआप फटीत पळतो आणि दोन भाग एक होतात, ते बघायलाच मजा येते. पण स्प्रे दमट हवेत मारता येत नाही. रंगातला सॉल्व्हंट भरकन उडतो, उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतलं बाष्प त्यावर बसतं, रंगावर पांढुरकी साय धरते. मी जुन्या चमच्याच्या पाठीवर मारून बघितलं, गडद हिरव्यावर फ्लॅट क्लिअर (चमक नसलेला पारदर्शक थर) अक्षरशः दुधाळ झालं. त्यामुळे बॉडीला हात लावला नाही, सप्टेंबर संपेपर्यंत ती प्राइमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) न मारता डब्यात पडून होती. मार्चमध्ये निघालेली गाडी मेमध्ये रंगून झाली असती, ती दसऱ्याच्या सुमारास रंगली. ज्यांना थांबणं शक्यच नाही त्यांनी मधल्या कोरड्या दुपारी, पाऊस उघडलेला असताना, पातळ पातळ कोट द्यावेत, आणि कॅन आधी कोमट पाण्यात ठेवावा, उकळत्या नाही.

रंगाचं सांगायचं राहिलं. स्प्रे कॅन बाहेरून मागवू नका, ज्वलनशील असल्यामुळे ते विमानाने येत नाहीत, भारतातल्या हॉबी दुकानांकडून रस्त्याने येतात. गाड्यांच्या टचअपचे स्वस्त कॅन मेन रोडच्या हार्डवेअरवाल्यांकडे मिळतात पण त्यांचा सॉल्व्हंट कडक असतो, प्राइमर नसेल तर प्लॅस्टिक खातो, आधी फ्रेमच्या रिकाम्या तुकड्यावर बघा. मी टामियाचा टीएस-५ ऑलिव्ह ड्रॅब वापरला. पहिली गाडी करणाऱ्याने असाच मॅट रंग घ्यावा असं माझं ठाम मत आहे, कारण चकचकीत रंगाला नंतर २००० नंबरच्या पेपरने पाण्यात घासणं आणि कंपाउंडने पॉलिश करणं आलं, आणि त्यात कडेचा रंग उडाला की मन खट्टू होतं. मॅटला यातलं काही नाही.

शोकेस हा शेवटचा भाग आणि तो सुरळीत झाला. पाट्या आणि ट्रॉफी बनवणाऱ्या एकाकडून ३ मिलिमीटरच्या अ‍ॅक्रिलिकचं झाकण करून घेतलं, खाली प्लायचा तुकडा, त्यावर रस्ता म्हणून बारीक काळा पॉलिश पेपर. ते लोक अ‍ॅक्रिलिक क्लोरोफॉर्मने जोडतात, तेव्हा झाकण आणल्या आणल्या गाडीवर ठेवू नका, आठवडाभर उघडं ठेवून वास पूर्ण जाऊ द्या, नाहीतर त्या वाफेने रंग आणि काचा धुरकट होतात. खिडकीसमोर ठेवू नका, उन्हाने रंग आणि डेकल (गाडीवर चिकटवायची बारीक चित्रं-अक्षरं) फिकट पडतात. आणि मऊ टायर थेट प्लॅस्टिकवर टेकलेले ठेवू नका, वर्षा-दोन वर्षांत टायरमधलं तेल खाली उतरून प्लॅस्टिक विरघळवतं. पॉलिश पेपर मी त्यासाठीच लावला, दिसतोही छान.

माझा मोठा भाऊ देवळालीहून आला होता, झाकण न काढता चारी बाजूंनी वाकून बघत म्हणाला, "अरे ही तर जिप्सीच की!" मी त्याला आखूड व्हीलबेसबद्दल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या कमी अंतराबद्दल, काही बोललो नाही.

पुढचं किट पोस्टाने, ईएमएसने (टपाल खात्याच्या जलद परदेशी सेवेने) मागवणार आहे. त्यात कस्टमचं काम फॉरेन पोस्ट ऑफिसात होतं आणि ड्युटी पोस्टमन दारात घेतो. आणि ऑर्डर यंदा दिवाळीनंतर लगेच करणार, म्हणजे कुठे अडकलंच तरी मार्च हातात राहील.