नुसतं 'कोळी'

"मास्तरांनी पुढं 'महादेव' लिहिलं असतं, तर अशी किती शाई लागली असती?"

आज सीबीएसवर (मध्यवर्ती बसस्थानकावर) शेजारी बसलेल्या काकांनी असं म्हणत पिशवीतून आजोबांचा शाळेचा उतारा काढला. जात : कोळी. आदिवासींच्या यादीत 'महादेव कोळी' आहे, नुसतं 'कोळी' नाही. पडताळणीत दाखला अवैध ठरला, २७ वर्षांची नोकरी ११ महिन्यांच्या अधिसंख्य (मंजूर जागांबाहेरच्या, तात्पुरत्या) पदावर आली. आता हायकोर्ट.

खोट्या दाखल्यांनी आदिवासींच्या जागा लाटल्या, त्याची चीड मलाही आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली अशा नोकऱ्यांचं संरक्षण काढलं, ते पटतंच.

पण उतारा परत ठेवताना काका त्याची घडी इतकी जपून घालत होते... त्यांचं खरं की खोटं, मला ठाऊक नाही. नेमणुकीच्या वेळीच पडताळणी का नाही झाली? २७ वर्षं कशाची वाट बघितली?